ब्रेक ऑइल उतरतंय, पण खाली थेंबही नाही: गळती शोधायची कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ-नऊ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, पुढं डिस्क ब्रेक आणि मागं ड्रम ब्रेक. पन्हाळ्यावरून उतरताना वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो. बाटलीतलं ब्रेक ऑइल पंधरा दिवसांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आलं. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, पेडल मात्र पूर्वीपेक्षा खाली जातंय. एका गॅरेजमध्ये ऑइल भरून ‘चालवा बिनधास्त’ म्हणाले. दुसऱ्यांनी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा मुख्य पंप) बदलायला सांगितला. गणपतीला गगनबावड्यावरून कोकणात उतरायचंय, तोवर ऑइल भरत गेलं तर भागेल का?

नाही भागणार. गाडी आत्तापासून घरी उभी करा. गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर ऑइल भरून, गर्दी टाळून, दुसऱ्या गिअरमध्ये हळू न्या. पेडल फरशीला टेकत असेल तर तेवढीही चालवू नका, टो करून न्या. करूळ असो वा भुईबावडा, दोन्ही घाट आधी दुरुस्ती आणि मग प्रवास अशा क्रमाचे आहेत.

आता मुद्द्याचं. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. त्यातलं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही आणि वाफ होऊन कमीही होत नाही. पातळी उतरायला दोनच कारणं असतात. डिस्कला घासणारे पॅड झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन तेवढा पुढं येऊन राहतो, त्याच्या मागची जागा ऑइलनं भरते आणि बाटलीतली पातळी तेवढी खाली येते. हे अगदी सावकाश होतं, हजारो किलोमीटरमध्ये. पंधरा दिवसांत वरून खाली आलं म्हणजे पॅडचा हिशोब बाद. राहिलं एकच: ऑइल कुठून तरी बाहेर जातंय. तरी पॅडची जाडी एकदा बघून घ्या, कारण झिजलेल्या पॅडवर बाटली काठोकाठ भरून ठेवली की नवे पॅड घालताना पिस्टन मागं ढकलल्यावर तेच ऑइल वर येऊन सांडतं, आणि मग ‘गळती’ची दुसरीच गोष्ट सुरू होते.

वळणावर आणि उतारावर दिवा का लागतो, तेही यातच आलं. बाटलीत एक तरंगणारा फ्लोट असतो. पातळी काठावर आली की गाडी कलल्यावर ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. सपाटीला आलं की विझतो. लोक म्हणतात सेन्सर खराब झाला. सेन्सर बिचारा त्याचं काम करतोय. हाच दिवा हँडब्रेकलाही असतो, म्हणून आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते पाहायचं, एवढंच.

मास्टर सिलिंडर बदला म्हणणाऱ्यांकडे जरा थांबून बघू, कारण पैसे तिथंच वाया जातात. मास्टर सिलिंडर दोन तऱ्हांनी खराब होतो. एक म्हणजे आतल्या आत. पिस्टनवरचं रबर झिजलं की दाब दिल्यावर ऑइल रबराला चुकवून मागं येतं आणि परत बाटलीत जातं. पेडल हळूहळू खाली बसतं, पण बाटलीतली पातळी जिथल्या तिथं राहते, कारण ऑइल बाहेर गेलेलंच नसतं. तुमची पातळी उतरतेय, म्हणून हा प्रकार एकटा तुमचा आजार असू शकत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे मागच्या सीलमधून गळणं. मास्टर सिलिंडर बूस्टरच्या तोंडावर बसवलेला असतो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणाऱ्या त्या काळ्या, गोल, मोठ्या डब्यावर. मागचं सील गेलं की ऑइल थेट त्या डब्यात उतरतं. खाली थेंब नाही, चाकं कोरडी, पातळी मात्र रोज कमी. असं असेल तर मास्टर बदलणं बरोबर. पण ते बघून ठरवायचं, अंदाजानं नाही.

म्हणजे तुमच्या लक्षणांत दडून गळणाऱ्या जागा मुख्यतः दोनच उरतात, मागचा ड्रम किंवा बूस्टर. माझ्या अनुभवात, मागं ड्रम असलेल्या या वयाच्या गाड्यांमध्ये ड्रममधल्या व्हील सिलिंडरची, म्हणजे ऑइलच्या दाबानं ब्रेक शू ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरची, गळती कितीतरी जास्त वेळा निघते. ड्रमच्या आत ऑइल गळलं तर ते आधी ब्रेक शू पितात, शूवरच्या घासणाऱ्या थराची, म्हणजे लायनिंगची, धूळ त्यात कालवून काळा चिखल होतो, आणि जागा भरल्यावरच ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, खालच्या कडेतून एखादा ओघळ टायरच्या आतल्या अंगाला येतो. तो आतल्या अंगाला असल्यामुळं उभ्यानं दिसत नाही. त्यात आपल्याकडचा पावसाळा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात गाडी रोज धुतल्यासारखीच भिजते, मग टायरवरचा ओघळ टिकणार कसा? फरशीवर डाग नाही याला म्हणून फार महत्त्व देऊ नका. शिवाय काही गळत्या दाब दिल्यावरच सुटतात. गाडी रात्रभर नुसती उभी असताना दाब नसतो, आणि सकाळी खाली कोरडं बघून माणूस निर्धास्त होतो.

घरी काय तपासता येईल ते सांगतो. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम घालवा, मग मध्यम जोरानं दाबून धरा. पेडल एका जागी कडक थांबलं पाहिजे. सावकाश खाली सरकत गेलं तर एकतर बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर आतून बायपास करतोय. तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली येऊन थांबलं की बूस्टर काम करतोय असं समजा. थोडंसं खाली जाणं हा दोष नाही. रोज दोघं-तिघं ‘गाडी चालू केली की ब्रेक खाली जातो’ म्हणत येतात, म्हणून लिहिलं.

आणखी एक फरक ओळखायला शिका. पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खाली, लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आणि कडक: बहुतेक मागचे शू ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्टमेंट राहिली आहे. दुसऱ्यांदाही मऊ, दाबेल तसं दबणारं: लाइनमध्ये हवा आहे. आणि घाट उतरताना पेडल एकदम पोकळ झालं, अर्धा तास थांबल्यावर परत पहिल्यासारखं, पातळी मात्र तशीच: ती गळती नव्हे, ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात पेडलवर पाय ठेवून सगळा उतार उतरणाऱ्याच्या डिस्क किती तापतात ते खाली उतरून वासावरूनच कळतं. म्हणून गळती नसली तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं.

आता शोध. आधी बॉनेट उघडून बूस्टर बघा. मास्टर आणि बूस्टरच्या सांध्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवा, टॉर्च मारा. बूस्टरच्या काळ्या रंगाला फुगे आलेत, रंग सोलून ओघळ उतरलाय, असं दिसलं तर मागचं सील गेलं हे जवळजवळ पक्कं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. बाहेरून कोरडं असेल आणि तरी शंका असेल तर मेकॅनिककडून मास्टरचे दोन नट सैल करून, पाईप न सोडवता, तो अगदी थोडा पुढं ओढून आत बघून घ्या. आत ऑइल साठलेलं असेल तर लगेच दिसतं. त्याआधी इंजिन बंद करून पेडल पंप करून व्हॅक्यूम घालवलेला असला पाहिजे. ऑइल जास्त साठलं की व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. असा धूर दिसला की बरेच जण इंजिनच्या हेड गॅस्केटच्या मागं लागतात. एकदा ब्रेकची बाटली बघायला काय जातंय?

मग चाकं. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या चाकामागं टॉर्च मारा. तिथं तीन जागा आहेत. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं रबर, रबरी नळी म्हणजे होज कॅलिपरला जिथं बोल्टनं बसतो ती जागा, आणि होज स्वतः. होज दोन बोटांत धरून वाकवून बघा. तडे फक्त वरच्या थरावर असतील तर लवकर बदलायचा, कुठं फुगीर किंवा ओला असेल तर आजच बदलायचा. बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर असतात. होज सोडवला की ते नवे घालायचे. जुनेच उलटे करून बसवलेले आम्ही नेहमी बघतो, आणि गळती तिथूनच असते.

नंतर मागं. चाक काढून बॅकप्लेटचा खालचा भाग बघा. ओलं दिसलं तरी लगेच व्हील सिलिंडरचं नाव घेऊ नका, कारण तिथंच शॉकॲबसॉर्बरही गळतो. फरक करायला एक साधी रीत आहे. पांढऱ्या कपड्यावर ते पुसून घ्या आणि एका काचेच्या ग्लासातल्या पाण्यात तो कपडा बुचकळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. शॉकॲबसॉर्बरचं तेल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल पाण्यावर तवंग धरतं. कूलंटही पाण्यात मिसळतं, पण त्याला हिरवा, निळा किंवा गुलाबी रंग असतो आणि ते मागच्या चाकापाशी यायचं काही कारण नाही. ऑइल चाखून बघायचं नाही. ते विषारी आहे. हे लिहावं लागतंय, कारण चाखणारे आहेत.

पाईपही विसरू नका. मास्टरपासून मागं गाडीच्या पोटाखालून लोखंडी पाईप जातात. क्लिपच्या खाली चिखल धरून राहतो आणि तिथंच गंज खातो. उसाच्या हंगामात शेतरस्त्यानं फिरणाऱ्या गाड्यांची पोटं आम्ही बघतो, तिथं पाईपवर बोटभर वाळलेला चिखल असतो. नुसता वरवरचा तांबूसपणा चालतो. खरवडल्यावर पापुद्रे निघाले तर पाईप बदलायचा. शंकेची जागा कोरडी पुसून तिथं टाल्कम पावडर शिंपडा, इंजिन चालू करून दुसऱ्याला पेडल जोरात दाबून धरायला सांगा. पावडर ओली झाली की जागा सापडली.

एक गोष्ट कोल्हापूरची म्हणून. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन, वायरिंग, सीट सगळं दुरुस्त झालं, ब्रेकचे ड्रम मात्र कुणी उघडले नाहीत. व्हील सिलिंडरच्या टोकांना फक्त धूळ अडवणारं रबरी बूट असतं, साठलेलं पाणी ते अडवत नाही. आत पाणी राहिलं की सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडतात, आणि रबर त्या खड्ड्यांवरून पुढं-मागं सरकत कातरत जातं. म्हणून गळती पुरानंतर लगेच येत नाही, वर्ष-दोन वर्षांनी येते. सेकंडहँड घेतली असेल तर सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, सीटबेल्टचा गुंडाळलेला भाग आणि डिकीतल्या स्टेपनीची जागा बघा. गाळाची रेघ सापडली तर चारही चाकं उघडून बघायचीच.

समजा ड्रममध्येच गळती आहे. हँडब्रेक सोडा, तो लावून ठेवून ड्रम निघत नाही. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकापाशी कुणी बसायचं नाही. पुष्कळ ड्रमना दोन आटे असलेली भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट थोडे थोडे आळीपाळीनं पिळले की ड्रम आपोआप सुटतो. हातोडा घालून कड उडवायची गरज नसते. काही गाड्यांत बेअरिंग ड्रमच्या आतच असतं, तिथं मधली टोपी आणि मोठा नट काढावा लागतो. तो नट परत बसवताना नवा घालून टॉर्क पान्यानंच आवळायचा. हे काम घरी करू नका. आतली धूळ हवेच्या पाईपनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. लायनिंगची धूळ छातीत जाण्यासारखी नसते, विशेषतः जुन्या मालाची.

व्हील सिलिंडरचं बूट स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं किंचित उचला. आत नुसती ओल असेल तर चिंता नाही. उचलताच ऑइल ओघळलं तर तो सिलिंडर गेला. इथं एक जुना वाद आहे: रबर किट घालायचं की पूर्ण सिलिंडर? किट स्वस्त, आणि पूर्वी सगळे तेच करायचे. माझं मत स्पष्ट आहे. आतून पुसल्यावर भिंत आरशासारखी असेल तरच किटचा विचार करा. नख अडकेल असा एक जरी खड्डा असेल तर किट घालूनही ते रबर लवकरच कातरणार. छोट्या गाडीचा पूर्ण सिलिंडर काही शे रुपयांत मिळतो, आणि किटसाठी दुसऱ्यांदा ड्रम उघडायची मजुरी त्याहून जास्त पडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्हाला सिलिंडर आतून घासून (होन करून) किंवा आत नवी नळी (लायनर) ठोकून देणारेही भेटतील. आमच्या भागात लेथवर काय होत नाही ते विचारा! पण ब्रेकच्या सिलिंडरला ही कारागिरी नको. ड्रम टर्निंग करून घेणं वेगळं, ते चालतं, फक्त ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढं जायचं नाही.

एका चाकाचा सिलिंडर गळाला तर दुसऱ्याही बाजूचा बदला. दोन्ही एकाच वयाचे, एकाच पाण्यातून गेलेले. शू तर दोन्ही बाजूंचे बदलायचेच. ऑइल प्यालेले शू पेट्रोलनं धुऊन, जाळून, सँडपेपर मारून परत बसवतात, आणि दोन दिवस बरे लागतात. गरम झाले की आत मुरलेलं ऑइल परत वर येतं, एक चाक कमी धरतं आणि गाडी ओढते. हँडब्रेकबद्दलचा एक गैरसमजही इथंच. लोक म्हणतात ऑइल संपलं तरी हँडब्रेक आहे, तो केबलवर चालतो. खरं आहे, पण केबल त्याच मागच्या शूंना ओढते. शू ऑइलनं माखले असतील तर हँडब्रेकही तिथं घसरतो.

सिलिंडर सोडवताना सगळ्यात जास्त नुकसान पाईपच्या नटाला होतं. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं स्प्रे ऑइल मारून ठेवा. साध्या पान्यानं सहा कोने गोल होतात. पाईपच्या अशा नटासाठी (फ्लेअर नट) तोंड कापलेला रिंग पाना मिळतो, तोच वापरा, बहुतेक ठिकाणी १० नंबरचा लागतो. नट फिरतोय की नटासोबत पाईपही पिळतोय यावर डोळा ठेवा. पाईप पिळला की तो तुटणार, आणि काही शे रुपयांचं काम मागपर्यंतच्या पाईपवर जाणार. पाईप सोडवल्यावर बाटली रिकामी होऊ नये यासाठी एक युक्ती आहे. सोडवण्याआधी पेडल थोडंसं, इंचभर दाबून सीटला टेकवलेल्या काठीनं तसंच धरून ठेवायचं. मास्टरचे पिस्टन बाटलीकडून येणारी भोकं झाकतात आणि ऑइल आपोआप वाहत नाही. ब्रेक लाइट मात्र लागून राहतात, तेव्हा बॅटरीची वायर काढा.

पाईपच बदलायचा असेल तर तो ब्रेकचाच, ठरलेल्या जाडीचा, टोकाला मशीननं पसरवलेला (फ्लेअर केलेला) हवा. फ्रिजचा तांब्याचा पाईप, पितळी जोड, रबरी नळीवर क्लँप, यातलं काहीही नाही. जोरात दाबल्यावर लाइनमध्ये शंभर बारच्या आसपास दाब जातो. टायरमधली हवा जेमतेम दोन बार असते, यावरून अंदाज येईल. ‘एका चाकाची लाइन ठोकून बंद करू, गावापर्यंत जा’ असा सल्ला रस्त्यावर मिळतो. लाइन बंद केलेली गाडी जोरात ब्रेक मारल्यावर आडवी होते, आणि पावसातल्या घाटात आडवी व्हायला जागा नसते.

पुढं हवा काढायचं काम. ऑइल कुठलं ते बाटलीच्या टोपणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. हे दोन एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात कधीच नाही. सील फुटलेली, महिनोन्‌महिने शेल्फवर पडलेली अर्धी बाटली घेऊ नका. आणि चुकून इंजिन ऑइल, पॉवर स्टेअरिंगचं तेल किंवा डिझेल यात गेलं तर नुसतं काढून भागत नाही. खनिज तेलानं ब्रेकची रबरं फुगतात, मग मास्टरपासून कॅलिपरपर्यंत सगळं रबर बदलायची वेळ येते. म्हणून ब्रेकचे भाग पेट्रोल-रॉकेलनं धुणाऱ्याला तिथंच थांबवा. ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर, बस्स.

चाकापाशी हवा काढायचा जो छोटा पोकळ स्क्रू असतो, त्या निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आत बसलेल्यानं पेडल सावकाश दोन-तीनदा दाबून खाली धरून ठेवायचं, ‘धरलं’ म्हणायचं. बाहेरच्यानं निपल अर्धा आटा सोडायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा, ‘सोड’ म्हणायचं. आधी पेडल सोडलं आणि मग निपल बंद केला तर हवा परत आत. क्रम गाडीच्या पुस्तकात असतो. नसेल सापडत तर आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्यांत मागचं डावं चाक मास्टरपासून सगळ्यात लांब, तिथून सुरू करून जवळ यायचं. दर चाकाला बाटलीत ऑइल घालत राहा. मध्येच बाटली रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

यात एक सांभाळा. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल फरशीपर्यंत दणादण मारू नका. रोजच्या वापरात मास्टरचं रबर सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतं. त्याच्या पुढच्या भागात गाळ आणि गंज जमलेला असतो. पेडल तळापर्यंत गेलं की रबर त्यावरून घासतं आणि चांगला मास्टर त्या दिवशी खराब होतो. मग ‘आधीच सांगितलं होतं मास्टर गेलाय’ असं ऐकायला मिळतं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, विषय संपला. निपल आवळतानाही हात हलका ठेवा, तो मधून पोकळ असतो आणि जोर लावला की तुटतो. एबीएस असलेल्या गाडीत नुसता व्हील सिलिंडर बदलला असेल तर साधी पद्धत बहुधा पुरते. युनिटमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लावून त्याचा पंप चालवणारं गॅरेजच लागेल.

ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. काढलेलं जुनं ऑइल परत बाटलीत घालायचं नाही, स्वच्छ दिसलं तरी. गटारातही नको. डब्यात भरून जळकं ऑइल नेणाऱ्याला द्या.

काम झाल्यावर चाक लावायच्या आधी इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोरानं मिनिटभर दाबून धरा आणि सोडवलेला प्रत्येक सांधा कोरडा आहे का बघा. मग शू ॲडजस्ट करा, हँडब्रेक ओढताना वाजणारे दात मोजा. रिकाम्या, सपाट रस्त्यावर आधी चालण्याच्या वेगानं, मग २०-३० च्या वेगानं ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर घाटाचा विचार तिथंच सोडा. बाटलीवर आतल्या पातळीला मार्करनं रेघ मारा. आठवडाभर शहरात फिरवा, जोतिबाला एकदा चढून-उतरून या, आणि सपाटीवर इंजिन थंड असताना रेघ बघा.

तोवर गाडी अजून थांबतेय म्हणून धीर धरू नका. या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात, बहुधा तिरप्या: एक पुढचं डावं आणि मागचं उजवं, दुसरी उरलेल्या दोघांना. एक रिकामी झाली तरी दुसरी गाडी थांबवते, म्हणूनच लोक गळती घेऊन महिनाभर फिरतात. पण मग पेडल बरंच खाली गेल्यावर धरतं, थांबायचं अंतर खूप वाढतं आणि गाडी ओढते. चालू गाडीत पेडल एकदम गेलंच तर पंप करत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक झटक्यात न ओढता बटण दाबून ठेवून थोडा थोडा ओढा, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्हींची मदत जाईल.

गॅरेजला गेल्यावर एकच मागणी करा: गळती डोळ्यांनी दाखवा, मग पार्ट सांगा. जुने काढलेले पार्ट परत मागा आणि सिलिंडरची आतली भिंत स्वतः नखानं तपासा. एवढं करूनही रेघेच्या खाली पातळी गेली तर परत लिहा. सोबत गाडीचं मॉडेल आणि वर्ष, पेडल पंप केल्यावर कडक होतं की मऊच राहतं, आणि मास्टर-बूस्टरच्या सांध्याचा खालून काढलेला फोटो द्या. क्लच हायड्रॉलिक असेल तर तेही सांगा. काही गाड्यांत तो याच बाटलीतून ऑइल घेतो, आणि मग शोध ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटपासून सुरू करावा लागतो.